क्रमांक चारचा संगणक : चॅट आपोआप साइन-इन होऊ नये म्हणून केलेल्या कामाच्या नोंदी

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

सकाळी अकराच्या सुमारास बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक वाचक मुलगी वाचनालयाच्या काउंटरपाशी आली आणि काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या चॅटच्या प्रोग्रामवर तिच्या कॉलेजचा प्रोजेक्टचा गट आहे. त्यात तिच्या नावाने मेसेज पडला होता, "मला हे प्रोजेक्ट करायचं नाही, माझं नाव काढा." वेळ सकाळी ९:१२. खाली मैत्रिणींचे सहा-सात प्रश्न. "ताई, हे मी लिहिलेलं नाही. मी तेव्हा एसटीत होते." एवढंच बोलली आणि डोळे भरून आले.

रविवारी संध्याकाळी ती अभ्यासिकेत क्रमांक चारवर बसली होती. काम झाल्यावर वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून उठली. आमच्या सहाही संगणकांवर सगळ्यांना मिळून एकच युजर आहे, "वाचक", पासवर्ड नाही. सोमवारी वाचनालय बंद असतं. आज सकाळी ज्याने कोणी बटण दाबलं त्याच्यापुढे "वाचक" उघडला, टीम्स आपोआप सुरू झालं आणि ती मुलगी तिथे नसतानाही तिचं नाव, फोटो, सगळी बोलणी पडद्यावर हजर झाली.

नऊ ते साडेनऊ त्या खुर्चीवर तिघं बसून गेले. कोणी लिहिलं ते शोधत बसायचं नाही, असं ग्रंथपाल सरांनी आणि मी ठरवलं. दार आम्ही उघडं ठेवलं होतं.

लगेच केलं ते असं. चारवर टीम्समध्ये तिच्याच हाताने साइन-आउट. मग तिच्या मोबाइलवरून खात्याच्या पानावर जाऊन "सगळीकडून साइन-आउट" आणि पासवर्ड बदल. तिला हेही सांगितलं की याचा परिणाम त्याच क्षणी सगळीकडे दिसेल असं नाही. आधी दिलेला प्रवेश साधारण तासाभराने संपतो, तोवर एखाद्या ठिकाणी खिडकी उघडी दिसली तर घाबरू नकोस. गटात काय लिहायचं ते तिचं तिने ठरवलं. सरांनी वाचनालयाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या की हा मेसेज आमच्या सार्वजनिक संगणकावरून दुसऱ्या कोणीतरी टाकला आहे. तो कागद तिने घडी न घालता वहीत सरळ ठेवला.

आजपासून ही वही घातली आहे. जे केलं, जे फसलं, ते तारखेनिशी लिहायचं.

बुधवार, १० सप्टेंबर

सहाही संगणकांवर चॅटचे प्रोग्राम आपोआप सुरू होणं बंद केलं. वाटलं होतं त्यापेक्षा वेळ गेला, कारण प्रोग्राम सुरू व्हायच्या जागा एकाहून जास्त असतात.

पहिली जागा सगळ्यांना माहीत असते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात "स्टार्टअप अ‍ॅप्स" नावाचं पान आहे. नावावर उजवं क्लिक, "डिसेबल". सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात स्टार्टअप, इथेही जवळपास तीच यादी बटणांच्या रूपात दिसते. दुसरी जागा प्रोग्रामच्या पोटात. टीम्सच्या सेटिंग्जमध्ये "जनरल"खाली आपोआप सुरू होण्याचा टिकमार्क आहे आणि त्याच्याच जवळ दुसरा, खिडकी बंद केली तरी प्रोग्राम चालू ठेवण्याचा. दोन्ही काढले. मला दुसरा जास्त धोक्याचा वाटतो. माणूस फुली दाबतो, खिडकी जाते, आणि प्रोग्राम खाली घड्याळाशेजारी बारीक चिन्ह होऊन जागाच असतो. त्या बी.एस्सी.च्या मुलीने रविवारी फुली दाबली ती अशी.

तिसरी जागा स्टार्टअपचं फोल्डर. विंडोजचं बटण आणि आर दाबून "शेल कोलन स्टार्टअप" इंग्रजीत लिहिलं की उघडतं. क्रमांक दोनवर तिथे टेलिग्रामचा शॉर्टकट सापडला. चौथी रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज लिहून ठेवतं त्या नोंदवहीतली, "रन" नावाची जागा; ती दोन ठिकाणी असते, एक त्या युजरपुरती आणि एक सगळ्या संगणकासाठी. तिथे आमच्याकडे चॅटचं काही नव्हतं, प्रिंटरचं होतं, ते तसंच ठेवलं.

सहाही बंद करून पुन्हा चालू केले. एकावरही काही उघडलं नाही. घरी जाताना काम झालं असंच मनात होतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

झालेलं नाही.

दुपारी एका मुलाला ऑनलाइन लेक्चरला बसायचं होतं. क्रमांक दोनवर त्याने स्वतः टीम्स उघडलं. त्याचा ईमेल विचारायच्या ऐवजी टीम्स थेट आत गेलं, तिसऱ्याच मुलाच्या नावाने. त्याने लगेच हात वर करून मला बोलावलं. या मुलाचं कौतुक वाटलं. मान दुसरीकडे वळवून तो मी येईपर्यंत थांबला होता.

इथे मला नीट कळलं की मी दोन वेगळ्या गोष्टी एकच धरत होते. प्रोग्राम सुरू होणं वेगळं आणि प्रोग्राम आत शिरणं वेगळं. काल मी फक्त पहिली थांबवली. पहिल्यांदा पासवर्ड टाकला की कंपनीचा सर्व्हर त्या संगणकाला एक परवाना देतो, इंग्रजीत त्याला टोकन म्हणतात. पुढच्या वेळी प्रोग्राम पासवर्ड विचारतच नाही, तो परवाना दाखवून आत जातो आणि परवान्याची मुदत संपत आली की नवा मागून घेतो. माणूस उठून गेला तरी परवाना खुर्चीवरच राहतो. आपोआप सुरू होणं बंद करणं म्हणजे दारावरची घंटा काढणं झालं, किल्ली पायपुसण्याखाली तशीच आहे.

घरच्या संगणकावर ही सोय आहे, आणि चांगली सोय आहे. अभ्यासिकेत दिवसाला तीस-पस्तीस जण त्याच सहा खुर्च्यांवर बसतात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

परवाना कुठे ठेवलेला असतो ते शोधण्यात सबंध दुपार गेली.

आधी वाटलं प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये असेल. नवं टीम्स आपली साठवण युजरच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरात, "पॅकेजेस"च्या आत ठेवतं. क्रमांक दोनवर ते फोल्डर सबंध पुसलं. टीम्स उघडलं. दोन-चार सेकंद कोरं पान, आणि पुन्हा त्याच मुलाचं नाव. एकदा वाटलं माझंच काही चुकलं असेल, म्हणून परत पुसून पाहिलं. तेच.

उत्तर प्रोग्रामच्या बाहेर, खुद्द विंडोजमध्ये निघालं. कॉलेजचं किंवा कामाचं खातं एका अ‍ॅपमध्ये टाकलं की ते विंडोजच्या खात्यांच्या यादीत जाऊन बसू शकतं आणि मग टीम्स, आउटलुक, वर्ड, एज ब्राउझर सगळे तिथूनच ओळख मागून घेतात. म्हणून टीम्सचं फोल्डर कितीही वेळा पुसा, टीम्स विंडोजला विचारणार आणि विंडोज सांगणार, हो, हा मुलगा इथलाच.

बघायच्या जागा दोन. सेटिंग्जमध्ये "अकाउंट्स", त्यात "अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल", तिथे "डिसकनेक्ट". आणि "ईमेल अँड अकाउंट्स" या पानावर खाली इतर अ‍ॅप वापरत असलेल्या खात्यांची यादी, तिथे "रिमूव्ह". सहा संगणकांवर मिळून अकरा खाती निघाली. एकट्या चारवर तीन. त्यातला एक मुलगा मार्चमध्येच पुण्याला नोकरीला लागून गेला आहे. सहा महिने त्याचं खातं इथे उघडं होतं.

अकराही काढली. एकही उघडून पाहिलं नाही. काढायच्या बटणाशेजारी ईमेलचा पत्ता दिसतो तेवढाच नाइलाजाने वाचला, कारण त्यांना कळवायचं होतं. ज्यांचे नंबर सभासद-नोंदणीत होते त्या सगळ्यांना संध्याकाळी फोन केले. "तुमचं खातं आमच्या संगणकावर राहिलं होतं, आज काढलं, पासवर्ड बदलून घ्या." बहुतेकांना आश्चर्य वाटलं. पुण्याच्या मुलाने विचारलं, "ताई, कोणी काही वाचलं का?" मी खरं तेच सांगितलं, मला माहीत नाही.

खातं काढल्यावर टीम्स उघडलं तर ईमेल विचारणारा पांढरा चौकोन आला. तो बघून जीव भांड्यात पडला.

रविवार, १४ सप्टेंबर

खाती काढून दोन दिवस झाले नाहीत तोच चारवर दोन नवी. आता ही खाती शिरतात कशी, ते शेजारी उभं राहून पाहायचं ठरवलं. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच मागे उभी राहिले, आणि पासवर्ड टाकताना पाठ फिरवली.

पासवर्ड झाल्यावर एक चौकोन येतो. या संगणकावरच्या सगळ्या अ‍ॅपमध्ये साइन-इन राहू द्यायचं का, असा साधारण त्याचा अर्थ. "हो, सगळीकडे" हा पर्याय ठळक. "फक्त या अ‍ॅपपुरतं" हाही पर्याय असतो, पण तो शोधावा लागतो. नऊ जणांना पाहिलं, सात जणांनी ठळक बटण दाबलं, त्यांतल्या पाच जणांनी वाचलंही नाही. दोष त्यांना कसा देणार? परीक्षेची लिंक तीन मिनिटांत बंद होणार असते आणि मध्येच इंग्रजीत चार ओळी येतात. जे बटण पुढे नेतं ते माणूस दाबतो.

रजिस्ट्रीत यासाठी एक नोंद करता येते. सगळ्या संगणकाच्या विभागात, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आणि तिथे "वर्कप्लेसजॉइन" या नावाखाली "ब्लॉकएएडीवर्कप्लेसजॉइन", किंमत १. यामुळे कॉलेजच्या खात्यावर या संगणकाची नोंदणी होणं थांबतं. माझ्या भाच्याला शेजारी बसवून त्याच्या खात्याने तपासलं. नोंदणी झाली नाही. पण एवढ्याने खातं लक्षात राहणं पूर्ण थांबेल, असं धरून चालणार नाही. टीम्समधून तो स्वतः साइन-आउट होईपर्यंत प्रोग्राम त्याला ओळखतच होता. ही नोंद म्हणजे एक कडी लागली. कुलूप अजून बाकी आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट निराळी आहे, ती वेगळी लिहिते.

आमचे एक निवृत्त गुरुजी रोज वर्तमानपत्रं वाचायला येतात. गेल्या महिन्यात त्यांनी नातवाच्या शाळेचे फोटो छापून घेण्यासाठी क्रमांक पाचवर व्हॉट्सअ‍ॅप जोडलं होतं, मोबाइलने चौकट स्कॅन करून. आज पाचवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर गुरुजींचं अख्खं कुटुंब समोर. त्यांना बोलावून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटलं खिडकी मिटली की संपलं. खिडकी मिटली की बाहेरचं दिसत नाही ना आपल्याला."

व्हॉट्सअ‍ॅपची किल्ली फोनमध्ये असते आणि तिथूनच ती परत घेता येते, ही त्यातली जमेची बाजू. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या मेनूत "लिंक्ड डिव्हायसेस" म्हणजे जोडलेली उपकरणं असतात. फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. प्रत्येकापुढे ते शेवटचं कधी चालू होतं ते दिसतं, नावावर बोट ठेवलं की "लॉग आउट". गुरुजींच्या यादीत दोन होती. एक आमचं, एक तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातलं. दोन्ही त्यांनी स्वतः काढली. दुकानातलं जाताना त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मी पाहिला.

बऱ्याच जणांचा समज आहे की काही दिवसांनी ते आपोआप सुटतं. सुटतं, पण मूळ फोनच १४ दिवस वापरला नाही तर. रोज फोन वापरणाऱ्या माणसाचं जोडलेलं उपकरण त्या नियमाने सुटत नाही.

काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला आज मी विचारलं, "जरा फोनमध्ये जोडलेली उपकरणं बघता का?" बावीस जणांनी पाहिलं. आठ जणांकडे अशी जागा निघाली जी त्यांना आठवतच नव्हती.

टेलिग्रामचंही तसंच, सेटिंग्जमध्ये "डिव्हायसेस". बाकीची सगळी सत्रं, म्हणजे इतर उपकरणांवर चालू राहिलेली लॉगिन, एका बटणात संपवता येतात, आणि किती काळ न वापरल्यास सत्र आपोआप संपावं तेही ठरवता येतं. दोनवरचं टेलिग्राम ज्या मुलाचं होतं त्याने तिथल्या तिथे केलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

छोटी कामं. सेटिंग्ज, अकाउंट्स, "साइन-इन ऑप्शन्स" या पानावर एक बटण असतं, बंद करताना उघडी असलेली अ‍ॅप लक्षात ठेवून पुढच्या वेळी परत उघडण्याचं. एक आणि तीनवर ते चालू होतं. बंद केलं. ब्राउझरमध्ये "जिथे सोडलं तिथून सुरू करा" हा पर्याय काढला, आणि ब्राउझर बंद झाल्यावरही मागे अ‍ॅप चालू ठेवण्याचा पर्यायही काढला. वेबवरचं चॅट या दोन वाटांनी परत येतं.

क्रमांक तीनचा पंखा आवाज करतो आहे.

रविवार, २१ सप्टेंबर

आज पाऊस, गर्दी नाही. थोडं मागचं.

२००४ च्या आसपास मी कॉलेजात असताना संध्याकाळी एका सायबर कॅफेत बसायचे. तासाला पंधरा रुपये. विंडोज एक्सपी, आणि सगळ्यांचं याहू मेसेंजर. त्यात आयडी-पासवर्ड लक्षात ठेवण्याचा एक टिकमार्क आणि आपोआप साइन-इन होण्याचा दुसरा. कोणीतरी दोन्ही करून जायचं आणि पुढचा माणूस बसला की त्याच्यासमोर "अमुक अमुक ऑनलाइन आहे" अशा पिवळ्या चेहऱ्यांची रांग. एक्सपीमध्ये तर मायक्रोसॉफ्टचा मेसेंजर विंडोजबरोबरच यायचा. तो आपोआप लागू नये म्हणून त्याच्या प्राधान्यांतला टिकमार्क काढला तरी आउटलुक एक्सप्रेस हा ईमेलचा प्रोग्राम उघडला की तो परत लॉगिन व्हायचा, कारण आउटलुक एक्सप्रेसच्या पर्यायांत त्यासाठीचा वेगळा टिकमार्क होता. तो मला एका ग्राहकाने दाखवला. एकीकडे बंद केलेलं दुसरीकडून उघडतं, हे मी तेव्हाच पाहिलं होतं, आणि या महिन्यात ते मला पुन्हा शिकावं लागलं.

त्या कॅफेत एका मुलीचं बोलणं दोन मुलं मोठ्याने वाचत होती. मी संगणक बंद केला, पण ती पुन्हा कॅफेत आली नाही. तिला काय झालं ते कोणी सांगितलं असेल का, हे मनातून गेलेलं नाही. ९ तारखेला मोबाइल पुढे धरला गेला तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली.

पुढे त्या मालकांनी एक सॉफ्टवेअर टाकलं, डीप फ्रीझ. संगणक बंद करून चालू केला की दिवसभरात जे काही झालं ते सगळं जाऊन कालचा संगणक परत. तेव्हा ते व्हायरससाठी टाकलं होतं, पण आपोआप लॉगिनचा प्रश्नही त्याच दिवशी संपला. गेले दहा दिवस मी एकेक टिकमार्क काढत फिरते आहे. खरं उत्तर तिकडच्या बाजूला आहे. खातं पुसायला हवं, म्हणजे विंडोजचा युजरच, बसणारा उठला की.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कालच घट बसले. आज संध्याकाळी कार्यकारी मंडळाची बैठक. मी मांडलं की सगळ्यांचा मिळून एक "वाचक" हा युजर बंद करावा आणि प्रत्येक जण बसताना नवा, कोरा युजर मिळावा, उठताना तो सगळा पुसला जावा.

हरकत रास्त होती. मंडळातले एक जण म्हणाले, "मुलांना दर वेळी पासवर्ड टाकावा लागेल. खेड्यावरून येणाऱ्याला ओटीपीला रेंज मिळत नाही. आपण सोय करायला बसलोय की अडवणूक?" याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. रेंजचा प्रश्न खरा आहे, आतल्या दालनात तर फारच.

ग्रंथपाल सर एरवी संगणकाच्या विषयात बोलत नाहीत. ते म्हणाले, "देवघेवीची वही आपण काउंटरवर उघडी ठेवतो का? तीस वर्षं मी ती कपाटात ठेवतोय. कोण कोणतं पुस्तक नेतं हे मी त्याच्या वडिलांनाही सांगितलेलं नाही. पुस्तकाचं नाव जपतो आणि माणसाची पत्रं टेबलावर ठेवतो, असं कसं चालेल?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग चारवर पंधरा दिवस करून पाहायचं ठरलं. ओटीपीसाठी वाय-फायचा एक जोड आतल्या दालनात द्यायचाही ठराव झाला, तो मुद्दा हरकत घेणाऱ्यांनीच मांडला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

चारवर काम सुरू. विंडोजमध्ये यासाठी "शेअर्ड पीसी" नावाची पद्धत आधीपासून आहे. होम आवृत्तीत नाही, प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत आहे. देणगीत आलेले आमचे संगणक प्रो आहेत, हे नशीब.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून "विंडोज कॉन्फिगरेशन डिझायनर" उतरवून त्यात एक पॅकेज, म्हणजे सगळी सेटिंग्ज एकत्र बांधलेली फाइल, बनवायचं. शेअर्ड पीसी चालू. खात्यांची देखभाल चालू. खात्याचा प्रकार फक्त पाहुणा. पुसण्याचा नियम, साइन-आउट होताच लगेच. या नियमाचे आणखी प्रकार आहेत, डिस्क भरत आली की पुसणं किंवा बरेच दिवस न वापरल्यास पुसणं, पण ते आमच्या कामाचे नाहीत. आम्हाला उठल्याबरोबर हवं. पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन चारवर चालवलं, संगणक पुन्हा सुरू झाला. पडद्यावर "गेस्ट" असं नवं नाव. त्यावर क्लिक केलं की संगणक तिथल्या तिथे नवा युजर घडवतो.

एक गोष्ट ज्यांना हे करायचं असेल त्यांनी ध्यानात ठेवावी. आधीपासून असलेले लोकल युजर, म्हणजे त्या संगणकावरच बनवलेले, या पद्धतीत पुसले जात नाहीत. म्हणजे आमचा जुना "वाचक" तसाच पडद्यावर राहिला असता आणि सवयीने सगळे त्यावरच गेले असते. आधी मुलांच्या फायली काढून घेऊन तो मी हाताने काढला. माझा अ‍ॅडमिनचा युजर पासवर्डसह ठेवला.

भाच्याला परत बसवलं. त्याने टीम्समध्ये मुद्दाम ठळक बटण दाबलं, "हो, सगळीकडे". मग साइन-आउट. पुन्हा "गेस्ट". टीम्स उघडलं, ईमेल विचारणारा पांढरा चौकोन. पाच वेळा केलं, पाचही वेळा चौकोन. मग आमच्याकडची नेहमीची गोष्ट, वीज जाणं. काम चालू असताना पॉवरची पिन काढली. परत चालू करून "गेस्ट" दाबलं तर कोरा डेस्कटॉप आला.

नवा युजर घडायला घड्याळ लावून १ मिनिट ४० सेकंद लागले. हे जास्त आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

वाईट झालं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने चारवर दोन तास बसून अर्ज भरला, पावतीची पीडीएफ डेस्कटॉपवर ठेवली आणि चहाला गेला. जाताना शिकवल्याप्रमाणे साइन-आउट केलं. परत आला तेव्हा पावती नव्हती, असणारच नव्हती. संकेतस्थळावरून पावती पुन्हा निघाली म्हणून निभावलं, पण तेवढी वीस मिनिटं तो मुलगा ज्या चेहऱ्याने बसला होता तो मी विसरणार नाही. फलक मी लावला होता. फलकावर "सर्व माहिती पुसली जाईल" असं लिहिलं होतं. "सर्व माहिती" म्हणजे माझी पावती, हे त्याला त्यातून कसं कळावं?

फलक आजच बदलला. नवा असा : "उठण्याआधी तुमची पावती, हॉलतिकीट, फोटो पेनड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा. साइन-आउट झाल्यावर या संगणकावर तुमचं काहीही उरत नाही. तुमचं चॅटही नाही." हाच मजकूर डेस्कटॉपच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत टाकायचा आहे. ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह नाही त्यांच्यासाठी काउंटरवर चार ठेवल्या; नेताना सभासद-कार्ड ठेवायचं, परत आली की मी समोरच रिकामी करते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

चारमधली जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, बसवली, देणगीतल्या पैशांतून. नवा युजर आता ३५ सेकंदांत तयार. चहाला जाणाऱ्यांनी साइन-आउट न करता संगणक लॉक करावा असं सांगायला गेले, पण पाहुण्याला पासवर्ड नसतो, त्या लॉकला अर्थ उरत नाही. म्हणून नियम साधा ठेवला. उठलात तर साइन-आउट, मधली सुट्टी नाही.

पंधरा दिवस पुरे व्हायचेत, पण परवा हरकत घेणारे सदस्य स्वतः चारवर बसून वीजबिल भरून गेले आणि जाताना म्हणाले, "बाकीच्यांनाही हेच करून टाका."

रविवार, १२ ऑक्टोबर

एक, दोन, तीन आणि पाच यांवर तेच पॅकेज. तीनचा पंखाही बदलला. व्हॉट्सअ‍ॅप जोडणाऱ्यांना मात्र अजूनही सांगावं लागतं की संगणकावरून पुसलं गेलं तरी फोनमधली "जोडलेली उपकरणं" एकदा बघा आणि तिथूनही काढा. संगणकाकडची किल्ली गेली तरी फोनच्या यादीत नाव रेंगाळू शकतं आणि पुढे खऱ्या अनोळखी उपकरणाचं नाव त्या गर्दीत लपतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विंडोज १० चा मोफत आधार आज संपला. क्रमांक सहा जुना आहे, ११ त्याच्यावर चढत नाही. त्याच्यावरचे चॅट आणि ब्राउझर काढले, नेटची वायर काढली. यापुढे तो फक्त ग्रंथसूचीसाठी.

बुधवार, १५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. बाहेरच्या दालनात पुस्तकं मांडली होती, शाळेची मुलं आली होती, त्यामुळे अभ्यासिकेकडे माझं लक्ष नव्हतं. साडेचारला आत गेले तर क्रमांक चारवर तीच बी.एस्सी.ची मुलगी. ९ सप्टेंबरनंतर ती आली की पुस्तक घ्यायची आणि जायची, संगणकाकडे वळत नव्हती. आज टीम्सवर त्याच गटाचं काम चाललं होतं. मी लांबूनच थांबले.

काम संपल्यावर तिने पेनड्राइव्हवर फाइल घेतली, साइन-आउट केलं. पण उठली नाही. पडद्यावर नुसतं "गेस्ट" राहीपर्यंत बसली. मग स्वतःच परत "गेस्ट" दाबलं, नवा डेस्कटॉप येऊ दिला आणि टीम्स उघडलं. पांढरा चौकोन आला, ईमेल विचारणारा. तो तिने क्षणभर पाहिला, पुन्हा साइन-आउट केलं, आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या मुलाला म्हणाली, "बस, मोकळा आहे."